तीन ओळींचा रकाना

प्रस्तावाचा नमुना एका पानाचा होता. पदनाम, विभाग, एकूण सेवा, नागरिकांशी थेट संपर्काचे रोजचे तास, आणि सगळ्यात शेवटी एक रकाना : ‘कामातील विशेष काठिण्याचे स्वरूप’. त्याखाली तीन ओळी आखलेल्या. पालिकेतल्या ज्या लिपिकांचा दिवस लोकांच्या समोर जातो त्यांना पगाराव्यतिरिक्त भत्ता मिळावा, ही मागणी संघटनेनं पूर्वीही केली होती. या वेळी प्रशासनानं पहिल्यांदाच ‘माहिती पाठवा’ असं कळवलं. बाकीचे रकाने मी पाच मिनिटांत भरले. शेवटच्या रकान्यापाशी जे अडले ते दोन दिवस.

मी अकरा वर्षं खिडकीवर काढली. त्यातली सात जन्म-मृत्यू नोंदणीची, उरलेली मालमत्ता कराची. आता वरच्या मजल्यावर अभिलेख कक्षात आहे. जुनी रजिस्टरं, कपाटं, मागणी आली की शोधून खाली पाठवायची. बदली झाली त्या महिन्याची पगाराची स्लिप मी दोनदा वाचली होती. मूळ वेतन तेच, भत्ते तेच, कपाती त्याच. पदनाम खाली असताना ‘लिपिक’, वर आल्यावरही ‘लिपिक’. आस्थापनेच्या लेखी मी एका टेबलावरून उठून दुसऱ्या टेबलाशी बसले होते, एवढंच.

माझ्या शरीराला मात्र फरक कळला. वर आल्यावर तिसऱ्या की चौथ्या आठवड्यात लक्षात आलं की जबडा दुखत नाहीये. तो दुखायचा हेच मला तोपर्यंत ठाऊक नव्हतं. दिवसभर दात आवळून बसायची सवय इतकी अंगवळणी पडली होती. संध्याकाळी घरी कुणी काही विचारलं की उत्तर देताना एक शब्द जास्तीचा खर्च होऊ नये असं वाटायचं, तेही हळूहळू गेलं. मुलगी म्हणाली, "आई, तू हल्ली बोलतेस." ते वाक्य मी अजून विसरलेले नाही.

बाहेरून बघणाऱ्याला खिडकीवरचं काम सोपं दिसतं. कागद आत येतो, शिक्का बसतो, कागद बाहेर जातो. पण कागदाच्या आधी आम्ही माणूस वाचतो. रांगेतल्या चौथ्या माणसाच्या उभं राहण्यावरून कळतं की हा खिडकीशी येईतो भडकलेला असणार. फॉर्म एका अक्षरात आणि सही थरथरत्या दुसऱ्याच हातात, म्हणजे याला बहुतेक वाचता येत नाही. मग ‘इथे वाचा’ म्हणायचं नाही, आपणच वाचून दाखवायचं. पण इतक्या मोठ्यानं नाही की मागच्यांना समजावं. ऐकू कमी येणाऱ्या आजोबांशी बोलताना आवाज चढवायचा, पण चढलेल्या आवाजात राग येऊ द्यायचा नाही. ही एक गोष्ट जमायला मला वर्ष लागलं. ‘सक्षम प्राधिकाऱ्याच्या साक्षांकनासह’ हे तीन शब्द ऐकून माणसाचा चेहरा उतरतो. त्याचं ‘काका, यावर अमक्या साहेबांची सही आणि शिक्का आणा, मग लगेच होईल’ असं करून द्यावं लागतं, दिवसातून साठ-सत्तर वेळा, आणि सत्तराव्याला ते पहिल्याइतकंच ताजं लागतं. या सगळ्यात हात नोंद करत असतो. त्या नोंदीत एक अक्षर चुकलं तर समोरच्याची पुढची कित्येक वर्षं त्या अक्षरामागे धावण्यात जातात.

एक दिवस सांगते. त्या वर्षी आमच्याकडे संगणकावर नोंदी सुरू झाल्या होत्या, पण हाताचं रजिस्टरही ठेवायचो.

त्याच्या आठवड्याभर आधी एक तरुण आला होता. मुलाच्या जन्माची नोंद रुग्णालयाकडून आलेली होती, नावाचा रकाना रिकामा होता. बहुतेकांचा असतोच. त्यानं विचारलं, "नाव नंतर घातलं तर चालतं ना? घरात अजून एकमत होत नाहीये." हसत होता. मी म्हटलं, "घाई काही नाही. सावकाश ठरवा." तोही हसून गेला.

टोकन ४७ ला तो पुन्हा आला. मी ओळखीचं हसले, आणि त्यानं कागद पुढे सरकवला तो मृत्यूच्या नोंदीचा होता. बाळ नऊ दिवसांचं होऊन गेलं होतं. बरोबर कुणी नव्हतं. मी एकेक रकाना विचारत गेले, कारण विचारावेच लागतात. तारीख. वेळ. ठिकाण. वडिलांचं नाव. आईचं नाव. मग मृताचं नाव. तो रकाना मला चुकवता आला असता, नावाशिवायही नोंद होते. मी तसं सांगितलं. तो काचेकडे बघत राहिला आणि म्हणाला, "ताई, आता घालता येईल?" मी म्हटलं, येईल. त्यानं एक नाव सांगितलं. मी पेन टेकवलं. तो म्हणाला, "थांबा." मी थांबले, पेन तसंच कागदावर. किती वेळ कोण जाणे. मग त्यानं तेच नाव परत सांगितलं आणि मी ते लिहिलं.

तो बाजूला झाला. वरच्या पाटीवर ४८ लागला. बटण मीच दाबलं होतं, कारण रांग दारापर्यंत गेलेली होती. टोकन ४८ च्या गृहस्थांच्या दाखल्यात आडनावाला पहिली वेलांटी पडली होती, दुसरी हवी होती. त्यांची ही तिसरी खेप. त्यांनी तळहात काचेवर आपटला. म्हणाले, "एक वेलांटी धड काढता येत नाही, पगार कशाचा घेता?" चूक आमचीच होती, त्यांचं रागावणं खरं होतं. मला त्या क्षणी एवढंच करायचं होतं की आधीच्या माणसाचं काहीही या माणसाच्या वाटेत येऊ द्यायचं नाही. मी म्हटलं, "दाखवा, आज करूनच देते." आवाज नेहमीचा लागला. तो नेहमीचा लावायला काय लागलं हे कुठल्याही रजिस्टरमध्ये नाही.

भत्ता कशाला द्यायचा याचा विचार करताना मला तो आवाज आठवतो. घाणीत उतरणाऱ्याला, उंचावर चढणाऱ्याला, रात्रपाळी करणाऱ्याला, विजेच्या तारांशी खेळणाऱ्याला जादा पैसे द्यावेत हे लोकांना पटतं आणि ते पटायलाच हवं. त्या कामांतला त्रास डोळ्यांना दिसतो. गटाराचा वास येतो, शिडी दिसते, घड्याळात रात्रीचे दोन वाजलेले दिसतात. कानांवाटे आत जाणारा त्रास कुणाला दिसत नाही. म्हणून तो पगाराच्या कुठल्या ओळीत बसवायचा हे कुणाला सुचत नाही.

तसं हे नवं नाही. अर्थशास्त्रज्ञ अॅडम स्मिथनं १७७६ साली मजुरी आणि नफा निरनिराळ्या धंद्यांत कमी-जास्त का असतो ते सांगताना पहिलंच कारण दिलं ते काम सुखाचं की त्रासाचं, स्वच्छ की घाणेरडं, मानाचं की कमीपणाचं. उदाहरणांत त्यानं खाटकाचा धंदा घेतला, फाशी देणाऱ्याचाही घेतला. पण मला जवळचं वाटतं ते त्याचं खाणावळ-गुत्ता चालवणाऱ्याचं उदाहरण. हा माणूस स्वतःच्याच घराचा मालक कधी नसतो, येईल त्या दारुड्याचा उद्धटपणा त्याला सोसावा लागतो, आणि म्हणूनच थोड्या भांडवलावर एवढा नफा देणारा धंदा दुसरा क्वचितच असतो, असं स्मिथ म्हणतो. आल्यागेल्याचं ऐकून घेण्याची किंमत असते हे अडीचशे वर्षांपूर्वीच हिशेबात धरलेलं होतं.

मग ती किंमत आमच्यापर्यंत का पोचली नाही? बाजारात काम त्रासाचं झालं की माणसं मिळेनाशी होतात आणि मोल वाढवावं लागतं. पालिकेत मोल ठरतं पदावरून. लिपिक म्हणून एकदा भरती झाली की कुठल्या खुर्चीवर बसायचं ते आदेशानं ठरतं आणि वेतनश्रेणी खुर्ची बघत नाही. खिडकीसाठी माणूस मिळाला नाही तर पगार वाढत नाही, बदलीचा आदेश निघतो.

आणि तो आदेश कुणाच्या नावानं निघतो ते जरा बघा. जो नवीन आहे, ज्याला नाही म्हणता येत नाही, ज्याचं वरिष्ठांशी बिनसलंय. कुणी खिडकीवर गेला की ‘काय केलंस रे बाबा?’ असं विचारतात. ज्याला काम येतं तो दोन-तीन वर्षांत खटपट करून आत निघून जातो. परिणाम असा की नागरिकाच्या समोर कायम सगळ्यात कमी अनुभवाचा माणूस असतो, आणि सगळ्यात जाणता माणूस आत, जिथे कुणी त्याला काही विचारायला येत नाही. आम्हां लिपिकांचा दावा बाजूला ठेवला तरी ही व्यवस्था नागरिकांच्याच मुळावर येणारी आहे. भत्त्याच्या बाजूनं मला सांगायचा सगळ्यात मोठा मुद्दा हाच आहे. खिडकी ही शिक्षेची जागा राहू नये. जाणत्या माणसानं ती मागून घ्यावी आणि मागून घेतल्याबद्दल त्याला काहीतरी मिळावं.

भावनिक श्रम हा शब्द १९८३ साली आर्ली होक्शील्ड या अमेरिकी समाजशास्त्रज्ञ बाईंनी रूढ केला. त्यांनी विमानातल्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला, ज्यांना मनात काहीही असलं तरी चेहरा हसरा ठेवण्याचा पगार मिळतो. आणि कर्जवसुली करणाऱ्यांचाही, ज्यांना मन द्रवलं तरी कठोर राहण्याचा पगार मिळतो. मी हे वाचलं तेव्हा वाटलं, आम्हाला दोन्ही करावं लागतं आणि कधीकधी एकाच दिवशी. सकाळी कराच्या खिडकीवर थकबाकीदाराला ‘नाही, यात सवलत नाही’ असं न डगमगता सांगायचं, आणि दुपारी कुणी रजेवर आहे म्हणून मृत्यू नोंदणीवर जाऊन बसायचं. त्या कर्मचाऱ्यांना निदान प्रशिक्षण होतं. मला पहिल्या दिवशी शिक्का कुठे ठेवतात ते दाखवलं होतं.

आमच्यावर जे आक्षेप घेतले जातात ते मला माहीत आहेत, आणि त्यातला एक मी मान्य करते. आमच्यात उद्धट माणसं आहेत. मान वर न करता ‘उद्या या’ म्हणणारी आहेत. अशा माणसाकडून चार हेलपाटे पडलेल्या नागरिकाला खिडकीवाल्यांना जादा पैसे हवेत हे ऐकून संताप आला तर त्यात त्याचं काय चुकलं? मला एवढंच म्हणायचंय की त्यातला बराचसा तुसडेपणा जन्मजात नसतो. मायकेल लिप्स्की या अमेरिकी राज्यशास्त्रज्ञांनी १९८० साली शिक्षक, पोलीस, कल्याण योजनांचे कर्मचारी अशा थेट लोकांसमोर काम करणाऱ्यांविषयी लिहिताना दाखवलंय की यांच्यापाशी साधनं कायम अपुरी असतात, मागणी कधी संपत नाही, आणि मग टिकून राहण्यासाठी ही माणसं आपापल्या पळवाटा काढतात. माणसांना खोक्यांत टाकणं, कमी बोलणं, नजर न देणं. मी स्वतः नजर न देण्याच्या काळातून गेले आहे. सहाव्या वर्षी माझं तसं झालं होतं. लोकांच्या डोळ्यांत बघितलं की त्यांचं काहीतरी आपल्याकडे येतं, म्हणून मी कागदाकडेच बघत राहायचे. एका म्हातारीनं विचारलं, "बाई, माझ्याकडे बघून सांग ना." मला आजही त्याची लाज वाटते. अशा माणसाला नोटीस देऊन तो सुधारत नाही, त्याला त्या खुर्चीतून वेळेवर उठवावं लागतं.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. संघटनेच्या बैठकीत एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी तो मांडला. भत्ता सुरू झाला की शिव्या खाणं हा कामाचाच भाग ठरेल. उद्या कुणी काच फोडली तर वरिष्ठ म्हणतील, त्याचेच तर पैसे घेता. मला त्यांचं म्हणणं मनापासून पटलं आणि तरीही मी भत्त्याच्या बाजूनं आहे, कारण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या वेगळ्या ठेवता येतात. दुःखात असलेल्या, गोंधळलेल्या, वैतागलेल्या माणसाशी बोलणं हे कौशल्याचं आणि दमवणारं काम आहे. त्याचे पैसे द्यावेत. धमकी, शिवीगाळ, अंगावर येणं हे काम नव्हेच. ते कुठल्याही रकमेला विकत घेता येत नाही. ते थांबवणं ही मालकाची जबाबदारी आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं २०१९ साली कामाच्या ठिकाणची हिंसा आणि छळ याविरुद्ध १९० क्रमांकाचा करार केला. त्यात वरिष्ठ आणि सहकारी यांच्याबरोबर बाहेरून येणाऱ्या तिसऱ्या व्यक्तीकडून होणारा त्रासही विचारात घ्यायला सांगितलंय. टोकियोत ग्राहकांकडून होणाऱ्या छळाविरुद्धचा अध्यादेश १ एप्रिल २०२५ पासून लागू आहे. त्यात शिक्षेची तरतूद नाही, पण कुठपर्यंत ऐकून घ्यायचं याला सीमा आहे एवढं तरी त्यानं जाहीर केलं. आमच्या प्रस्तावात मी आग्रहानं एक वाक्य घालायला लावलं : भत्ता मिळतो या कारणावरून गैरवर्तनाची तक्रार नाकारता येणार नाही.

कुणाला द्यायचा, यावर मात्र बैठक फार लांबली. टेलिफोनवर तक्रारी घेणारे म्हणाले, आम्हाला तर चेहराही दिसत नाही, फक्त आवाज. ते बरोबरच होतं. ग्रंथालयातले म्हणाले, आम्हीही लोकांतच बसतो. इथे निकष नीट लिहिले नाहीत तर काय होतं याचं एक मोठं उदाहरण ब्रिटनमधल्या बर्मिंगहॅमच्या नगर परिषदेचं आहे. तिथे कचरा उचलणाऱ्यांसारख्या प्रामुख्यानं पुरुषांच्या कामांना बोनस मिळत गेले आणि त्याच वेतनपातळीच्या स्वयंपाकी, सफाई, शुश्रूषा अशा प्रामुख्यानं बायकांच्या कामांना ते मिळाले नाहीत. बायका न्यायालयात गेल्या. २०१२ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूनं लागला. सप्टेंबर २०२३ मध्ये परिषदेनं नवा खर्च थांबवत असल्याची नोटीस काढली तेव्हा समान वेतनाची थकलेली देणी हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. जादा रक्कम देताना कुणाचा त्रास मोजला आणि कुणाचा मोजलाच नाही, हा प्रश्न पुढे असा उभा राहतो. आणि खिडक्यांवर बायका जास्त का असतात, ‘बायका कशा, समजुतीनं घेतात’ असं म्हणून त्यांना तिथे का बसवतात, यावर मला स्वतंत्र लिहायचं आहे.

म्हणून माझं मत असं की भत्ता व्यक्तीला किंवा पदाला नको, खुर्चीला हवा. जो त्या खुर्चीवर जितके तास बसेल त्याला तितक्या तासांचा. उठला की थांबेल. आज मी बसले तर मला, उद्या माझ्याऐवजी कंत्राटी मुलगी बसली तर तिला. यावर काहींनी नाकं मुरडली. पण आज निम्म्या खिडक्यांवर बाहेरच्या एजन्सीमार्फत आलेली मुलं-मुली बसतात. त्यांना नोकरीची शाश्वती नाही, तक्रार केली तर महिनाअखेर नाव कमी होईल अशी भीती. काचेपलीकडच्या माणसाला त्यांचं आणि आमचं पदनाम कुठे माहीत असतं? तो दोघांनाही तितकंच बोलतो. त्यांना वगळून आम्ही भत्ता घेतला तर तो मला घ्यावासा वाटणार नाही. मी बैठकीत तसं सांगितलं, आणि काही चेहरे वाईट झाले तरी मी ते मागे घेतलेलं नाही.

आणि पैशांबरोबर वेळ हवा. खरं तर मला कुणी एकच निवडायला सांगितलं तर मी वेळ निवडेन. एखादं टोकन असं येतं की त्यानंतर लगेच बटण दाबता येऊ नये. उठून पाणी पिऊन यावं, तोवर शेजारच्या खिडकीनं सांभाळावं, आणि याबद्दल कुणी जाब विचारू नये. दोन वर्षांनी आत बदली, पाहिजे असेल तर परत. पण वेळ द्यायचा तर माणसं वाढवावी लागतात, आणि तो प्रस्ताव आमच्या प्रस्तावापेक्षा मोठा आहे.

जपानच्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या वेतन कायद्यात विशेष कामाच्या भत्त्यासाठी कामं सांगताना धोकादायक, अप्रिय, आरोग्याला अपायकारक आणि अवघड असे चार शब्द एका ओळीत ठेवले आहेत. पहिले तीन सिद्ध करता येतात. चौथा कसा सिद्ध करायचा? तोच माझ्या तीन ओळींचा प्रश्न होता. पहिल्या दिवशी मी ‘नागरिकांच्या भावनिक अवस्थेस संवेदनशीलपणे प्रतिसाद देणे’ असं लिहिलं आणि कागद फाडला. ते खोटं नव्हतं, पण ते वाचून लेखा विभागातल्या माणसाला काहीही दिसलं नसतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कपाटातून ते रजिस्टर काढलं. आता ते माझ्याच ताब्यात असतं, माझ्याच कक्षात, डावीकडून तिसऱ्या कपाटात. पान शोधावं लागलं नाही. माझंच अक्षर, सगळे रकाने एकसारखे. फक्त मृताच्या नावाच्या पहिल्या अक्षरापाशी शाईचा एक ठिपका आहे, बाकीच्या शाईपेक्षा गडद, कागदाच्या मागच्या बाजूला उमटलेला. पेन तिथे थांबलं होतं. पुढच्या टोकनाची नोंद दुरुस्तीच्या रजिस्टरमध्ये आहे, त्याच तारखेची. ती वेलांटी मी फार नीट काढलेली आहे.

मग नमुन्यातल्या तीन ओळी भरल्या.

टोकन ४७ : नाव न ठेवलेल्या नऊ दिवसांच्या बाळाच्या मृत्यूची नोंद.
टोकन ४८ : आडनावातील वेलांटीची दुरुस्ती, अर्जदार संतप्त, चूक कार्यालयाची.
दोन टोकनांमधील वेळ : नाही.